दंडाची वही

सोमवार, 28 ऑक्टोबर 2013. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात डेव्ही या गावी तेव्हा मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं सराव केंद्र होतं. जेवणाची वेळ. चोवीस वर्षांचा जोनाथन मार्टिन ताट वाढून घेऊन आपल्या गटाच्या टेबलाकडे निघाला. तिथे बसलेल्या रिची इन्कॉग्निटोनं मोठ्यानं सुनावलं की हा ‘घाणेरड्या वासाचा पाकिस्तानी’ आमच्यात नको. मार्टिनचा पाकिस्तानशी काडीचा संबंध नव्हता. तो तरीही येऊन बसला. तो बसला आणि टेबलावरचे सगळे एकदम उठले, आपापली ताटं उचलून दुसरीकडे गेले. मार्टिननं हातातलं ताट आपटलं आणि तो बाहेर पडला. त्याच दिवशी तो स्वतःहून इस्पितळात दाखल झाला, मानसिक उपचारांसाठी. डॉल्फिन्सच्या जर्सीत तो पुन्हा कधी मैदानात उतरला नाही.

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आमच्या विषयाच्या शिक्षकांची प्रशिक्षणं होतात, तिथे गेली काही वर्षं मी हे प्रकरण मांडतो. इथवर सांगून झालं की थांबतो. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : “एवढंच?” दुसरा प्रश्न मार्टिनच्या अंगकाठीचा असतो. उंची साडेसहा फुटांच्या जरा आत, वजन एकशे चाळीस किलो. मग हशा पिकतो. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, “एवढा रेडा, त्याला कोण छळणार हो?”

डॉल्फिन्सच्या संघातही जवळपास प्रत्येकानं हेच म्हटलं होतं. या प्रकरणात जे जे घडलं, ते या एका प्रश्नाच्या आडोशानं घडलं.

खेळ आणि त्यातली पाच माणसं

आपल्याकडे हा खेळ फारसं कुणी खेळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू, बहुधा सगळ्यात महागडा खेळाडू. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं भिंत करून उभी राहतात, तिला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. समोरून धावत येणाऱ्या तितक्याच धिप्पाड माणसांना दोन-तीन सेकंद थोपवून धरायचं, एवढंच त्यांचं काम. धावफलकावर त्यांचं नाव लागत नाही. चुकले तरच ते लोकांना दिसतात. कबड्डीत साखळी धरणाऱ्यांची गत आठवा. एकाची पकड ढिली झाली की चढाई करणारा निसटतो, आणि मग कुणाचा हात सुटला यावर सगळं गाव बोलतं.

त्यामुळे या पाच जणांचं आणि त्यांच्या राखीव खेळाडूंचं संघाच्या आत वेगळंच घर असतं. बैठकीची खोली वेगळी, प्रशिक्षक वेगळा, जेवणाचं टेबल वेगळं, विनोद वेगळे. मुख्य प्रशिक्षकाला या खोलीत काय चालतं ते कळेलच असं नाही. वस्ताद ओट्यावर बसलेला असतो आणि तालमीच्या मागच्या अंधारात काय चालतं ते फक्त पोरांना ठाऊक असतं, तसंच.

मार्टिन 2012 मध्ये इथे आला, खेळाडू निवडीच्या दुसऱ्या फेरीत, एकूण बेचाळिसाव्या क्रमांकावर. लॉस एंजेलिसच्या हार्वर्ड-वेस्टलेक या महागड्या खासगी शाळेत शिकलेला. आई-वडील दोघंही हार्वर्डचे पदवीधर. स्वतः स्टॅनफर्डला, आणि विषय कोणता, तर प्राचीन ग्रीक-रोमन वाङ्मय. मिश्र वंशाचा, कातडीनं काळा, बोलायला मवाळ.

इन्कॉग्निटो तिशीचा, गोरा, गटाचा म्होरक्या. 2009 मध्ये एका नियतकालिकानं खेळाडूंकडूनच मतं मागवली होती, त्यात एनएफएल या व्यावसायिक लीगमधला सगळ्यात घाणेरडा खेळणारा म्हणून त्याचं नाव वर आलं होतं. पण मायामीत त्यानं ती प्रतिमा पुसत आणली होती. 2012 च्या हंगामानंतर प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली. स्थानिक क्रीडा पत्रकारांनी त्याला भला माणूस म्हणून पुरस्कार दिला. सहकाऱ्यांनी त्याला संघाच्या नेतृत्व मंडळात निवडून दिलं. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण गुंड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोपऱ्यात विडी फुंकणारा उनाड येतो. इथे तो वर्गाचा मॉनिटर होता.

अक्कल कुठे असावी

खेळाडूची अक्कल गुडघ्यात, हे आपल्याकडचं जुनं शहाणपण. मैदानावरचा पोरगा दहावीत साठ टक्क्यांवर गेला की शिक्षक खोलीत आश्चर्य व्यक्त होतं. त्यामुळे खेळाडूवर मारलेला शिक्का म्हणजे ‘ढ’ असण्याचा, असं आपण धरून चालतो. मायामीत तोच शिक्का उलट्या बाजूनं बसला. मार्टिनचा गुन्हा हा की त्याची अक्कल डोक्यात होती. जो शिव्या देत नाही, भांडत नाही, पुस्तकं वाचतो, तो मऊ. आणि भिंतीतली वीट मऊ असून कशी चालेल?

यात वंशाचाही भाग होता, तो जरा गुंतागुंतीचा आहे. प्रकरण फुटल्यावर ‘मायामी हेरल्ड’मध्ये एका माजी खेळाडूचं नाव न देता त्याचं म्हणणं छापून आलं. त्याचा आशय असा, की गोरा इन्कॉग्निटो हा आम्हा काळ्यांना मानद काळा वाटायचा. शिकल्या-सवरलेल्या घरातला मार्टिन मात्र आमच्यातला वाटायचा नाही. म्हणजे काळा कसा असतो, याचाही साचा ठरलेला आणि त्यात मार्टिन बसत नव्हता. गोऱ्यांच्या शाळेत तो काळा म्हणून वेगळा पडला, काळ्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये पुरेसा काळा नाही म्हणून.

एप्रिल 2013 मध्ये त्यानं आईला मोबाइलवर लिहिलेला एक निरोप पुढे चौकशीत बाहेर आला. त्यात तो म्हणतो की मला माझ्या बेचैनीचं मूळ सापडलं : मी समोरच्याला तोंड देत नाही, सगळ्यांना मी आवडावा असं मला वाटतं, लोक तोंडावर काहीही बोलतात आणि मुद्दाम अपमान करतायत हे कळत असूनही मी हसून घालवतो. पुढे तो दोष देतो तो आपल्या मऊ शाळांना, जिथे त्याला कधी मारामारी करावी लागली नाही. एकशे चाळीस किलोचा व्यावसायिक खेळाडू स्वतःच्या दुबळेपणाचं कारण शाळेत शोधतोय. छळणाऱ्यांचा साचा त्यानं स्वतःच पुरता पचवला होता, त्यांनी लावलेली विशेषणं तो स्वतःला लावत होता. आमच्या प्रशिक्षणात हा निरोप वाचला की हसणारा मागचा बाक गप्प होतो. दरवेळी होतोच असं नाही.

त्याच एप्रिलमध्ये इन्कॉग्निटोनं त्याच्या फोनवर एक ध्वनिनिरोप सोडला होता. कृष्णवर्णीयांसाठीची ती कुप्रसिद्ध शिवी, तिच्याआधी मिश्र वंशावरून ‘अर्धा’ हे विशेषण, तोंडात शौच करण्याची भाषा, आईला थोबाडीत मारण्याची धमकी आणि शेवटी जिवे मारण्याची. हा निरोप पुढे सगळ्या वाहिन्यांवर वाजला. मार्टिननं तो आधी काही सहकाऱ्यांना ऐकवलाही होता. त्यांना तो विनोद वाटला.

अहवालात काय आहे

लीगनं टेड वेल्स या वकिलाकडे चौकशी दिली. त्यांच्या चमूनं शंभराहून अधिक लोकांशी बोलून 14 फेब्रुवारी 2014 रोजी 144 पानांचा अहवाल दिला. इन्कॉग्निटो हा मुख्य सूत्रधार, त्याच गटातले जॉन जेरी आणि माइक पाउन्सी हे दोघं त्याच्या मागोमाग जाणारे. तिघांनी मिळून मार्टिनचा सातत्यानं छळ केला, हा त्याचा निष्कर्ष. मारहाण जवळजवळ नाही. जे काही झालं ते तोंडानं. त्यातही सगळ्यात जास्त आईबहिणीवरून, विशेषतः बहिणीवरून. तिला त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. बैठकीत, सरावात, जेवताना तिच्याविषयी इतकं अश्लील बोललं जायचं की ते इथे लिहिता येणार नाही. मार्टिनला सर्वांत जास्त लागायचं ते हेच, आणि लागतं हे कळल्यावर ते वाढलं. ज्या सहलीला तो गेलाच नाही त्या लास व्हेगासच्या सहलीसाठी त्याच्यावर हजारो डॉलर लादले गेले, हे वेगळंच.

अहवालातला दुसरा भाग वर्तमानपत्रांत फारसा गाजला नाही. मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. मार्टिन एकटा नव्हता. त्याच गटातला आणखी एक तरुण खेळाडू होता; अहवाल त्याचं नाव देत नाही, मीही त्याची ओळख शोधत बसलो नाही. त्याला सतत समलिंगी म्हणून चिडवलं जायचं. तिसरा होता संघाचा एक साहाय्यक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारा, जन्मानं जपानी. 7 डिसेंबर हा पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा दिवस. 2012 मध्ये त्या दिवशी तिघांनी उगवत्या सूर्याच्या चिन्हाच्या जपानी पट्ट्या डोक्याला बांधल्या आणि पर्ल हार्बरचा सूड म्हणून त्याला मारण्याची गमतीगमतीत धमकी दिली. तोही हसला. नोकरी टिकवायची तर हसावं लागतं.

म्हणजे वर्गवारी बघा : शिकलेला काळा, बायल्या ठरवलेला तरुण आणि परदेशी नोकर. संघ एकजीव राहावा म्हणून हे चालतं, असं समर्थन नंतर पुष्कळांनी केलं. पण एकजीव व्हायला प्रत्येक वेळी कुणीतरी कडेला बसवलेला का लागतो?

वही

आता ज्या गोष्टीसाठी मी हे प्रकरण निवडलं त्या गोष्टीकडे येतो. लाइनच्या खोलीत एक वही होती. दंडाची. उशिरा आला, दंड. बैठकीत फोन वाजला, दंड. अशा वह्या जगभरातल्या संघांत असतात, त्यात वावगं काही नाही. जमलेल्या पैशांत हंगामाच्या शेवटी जेवणावळ होते. या वहीत मात्र मार्टिनच्या नावापुढे बायकी वागल्याबद्दलचे दंड होते. गटातली गोष्ट बाहेर सांगणाऱ्याला ‘ज्यूडास’ म्हणत. येशूला पकडून देणारा तो ज्यूडास, म्हणजे आपला घरभेदी. त्यासाठीही दंड होता. मार्टिन जेवणघरातून निघून गेल्यावर इन्कॉग्निटोनं वही उघडून स्वतःला 200 डॉलर दंड लावला. कारण लिहिलं, मार्टिनला मोडल्याबद्दल. आणि ज्याला तसंच छळलं जात होतं त्या दुसऱ्या खेळाडूच्या नावापुढे बक्षीस नोंदवलं, आधी न मोडल्याबद्दल.

ती नोंद करताना इन्कॉग्निटोच्या मनात कपट होतं असं मला वाटत नाही. ती गंमत होती. आणि गंमत होती म्हणूनच ती पुरावा ठरली, कारण कोण आधी मोडतो याची शर्यत चालली आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्याशिवाय हा विनोद कुणाला कळलाच नसता. 3 नोव्हेंबरला निलंबन होणार असं दिसताच त्यानं एका सहकाऱ्याला निरोप पाठवला की उद्या सकाळी पहिल्यांदा ती वही नष्ट कर. ती नष्ट झाली नाही. वेल्स यांच्या हाती लागली.

आमच्याकडेही अशी वही होती. 1994 सालची गोष्ट, कॉलेजचा व्हॉलीबॉल संघ. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. सर्व्हिस नेटमध्ये मारली की एक रुपया, सरावाला उशीर झाला की दोन. खजिनदार मी, त्यामुळे अक्षर माझं. त्या वर्षी खेड्यातून एक मुलगा आमच्यात आला. हाडापेरानं मजबूत, त्याच्यासारखा स्मॅश मारणारा आमच्यात दुसरा नव्हता. तो ‘पानी’ म्हणायचा. ‘कोन’ म्हणायचा, ‘आनि’ म्हणायचा. कुणाच्या डोक्यातून निघालं ते आता आठवत नाही, पण ठरलं : प्रत्येक चुकलेल्या ‘ण’ला आठ आणे. तो तहानलेला असताना मुद्दाम विचारायचं, काय हवंय रे? तो हसायचा, खिशातून आठ आणे काढायचा. पुढे पुढे तो नुसता अंगठा तोंडाकडे नेऊन खूण करायला लागला. तेव्हा खुणेलाही आठ आणे ठरले, चीटिंग म्हणून. हंगाम संपल्यावर तो परत आला नाही. कॉलेजात दिसायचा, मैदानावर नाही. का येत नाहीस, हे त्याला कुणी विचारलं नाही. शेतीची कामं असतील असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं. वही अजून माझ्याकडे आहे. त्याच्या नावापुढे ‘ण’च्या त्रेसष्ट नोंदी आहेत आणि प्रत्येकीसमोर माझ्या अक्षरात ‘जमा’ लिहिलेलं आहे.

अंगानं दणकट आहे, त्याला काय वाटायचंय, असं आम्ही म्हणायचो. अगदी याच शब्दांत.

प्रशिक्षक कुठे होते

लाइनचे प्रशिक्षक जिम टर्नर. त्या गटात काय चालतं ते त्यांना कळत होतं, निदान बरंचसं. 2012 च्या नाताळात त्यांनी गटातल्या खेळाडूंना भेटीच्या पिशव्या दिल्या, त्यात गमतीसाठी हवा भरायच्या बाईच्या बाहुल्या होत्या. समलिंगी म्हणून चिडवल्या जाणाऱ्या त्या तरुणाच्या पिशवीत मात्र पुरुषाची बाहुली होती. प्रशिक्षकानंच अशी मोहोर उठवल्यावर पोरांना आणखी कुणाची परवानगी हवी? मार्टिन उपचार घेत असताना टर्नर यांनी त्याला निरोप पाठवले, ते त्याची तब्येत कशी आहे हे विचारायला नव्हे. इन्कॉग्निटोवर टीव्हीवर टीका होते आहे, तू एक निवेदन काढून हे थांबव, योग्य तेच कर, अशा अर्थाचे. संघाचे महाव्यवस्थापक जेफ आयर्लंड यांच्याकडे मार्टिनच्या एजंटनं विषय काढला, तेव्हा त्यांनी मार्टिननं इन्कॉग्निटोला एक ठोसा लगावावा असं सुचवलं, असं त्या एजंटचं म्हणणं आहे.

ठोशाचा सल्ला हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे तो रोज दिला जातो. मूल रडत आलं की ‘तूही दोन द्यायच्या होत्यास’ हे आपलं पहिलं वाक्य असतं, आणि मूल अंगानं मोठं असेल तर ते वाक्य आणखी पटकन येतं. सहकारीही असंच बोलले : काही त्रास होता तर पुरुषासारखं समोर येऊन सांगायचं. पण समोर येऊन सांगणाऱ्यासाठी वहीत ज्यूडासचा रकाना होताच.

मुख्य प्रशिक्षक जो फिल्बिन यांना कल्पना नव्हती असं अहवाल म्हणतो. मार्टिनला कणखर करण्याचा हुकूम वरून आला होता, या तेव्हाच्या बातम्यांनाही अहवालात आधार मिळत नाही. मला ते मान्य आहे. तरी इथे अहवाल वरच्यांशी जरा नरमाईनं वागला असं माझं मत आहे. कळणार नाही अशीच व्यवस्था तुमच्या छपराखाली वर्षानुवर्षं उभी असेल, तर ‘मला कळलं नाही’ या वाक्याचं वजन किती धरायचं?

आपल्याकडच्या कायद्याचीही अडचण तीच आहे. महाराष्ट्रात रॅगिंग प्रतिबंधक कायदा 1999 पासून आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. पण त्याचं चाक फिरायला लागतं ते लेखी तक्रारीनं. कॉलेजच्या संघात तक्रार लिहिणारा मुलगा पुढच्या सामन्यात अकरात असतो का, हे कुठल्याही क्रीडा शिक्षकाला विचारा.

दुसरी बाजू

ती आहे आणि मी ती टाळत नाही. मार्टिन आणि इन्कॉग्निटो यांच्यात साधारण वर्षभरात हजाराहून अधिक मोबाइल निरोपांची देवाणघेवाण झाली, आणि ते वाचले तर दोघं जिवलग वाटतात. मार्टिनचीही भाषा तितकीच घाण आहे, विनोदही तसलेच. क्वार्टरबॅक रायन टॅनहिलनं पत्रकारांना सांगितलं की आठवड्याभरापूर्वी मार्टिनला सगळ्यात जवळचा मित्र विचारला असता तर त्यानं इन्कॉग्निटोचंच नाव घेतलं असतं. इन्कॉग्निटोनं टीव्हीवरच्या मुलाखतीत हेच म्हटलं, की हे छळाचं प्रकरण नाही, दोन मित्रांचं नातं आहे, माझी जीभ जरा सैल सुटली. मार्टिनला शाळेपासून नैराश्याचा त्रास होता, 2013 च्या पूर्वार्धात त्याच्या मनात दोनदा जीव देण्याचा विचार येऊन गेला होता, हे अहवालात आहे. ऑक्टोबरमध्ये संघानं त्याच्या जागी दुसरा अनुभवी खेळाडू आणला होता, तीही सल असणार. आणि त्याला संघाबाहेर घालवावं असा कुणाचाही हेतू नव्हता, हे अहवालच सांगतो.

प्रशिक्षणात यावरून वाद होतो आणि तो मी होऊ देतो. एका बाईंनी एकदा छान विचारलं होतं : सासुरवाशीण सासूशी हसून बोलते, म्हणून जाच नाही असं आपण म्हणतो का? अहवालाचंही मत साधारण तसंच आहे. रोज ज्यांच्यासोबत जेवायचं, ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, त्यांच्याशी दोस्ती ठेवणं हा मार्टिनचा तगून राहण्याचा मार्ग होता. माझ्या संघातला तो मुलगाही हसत होता. हसू हा पुरावा म्हणून फार कच्चा आहे.

या कणखरपणाचं फळ काय मिळालं, तेही बघू. 2013 च्या हंगामात डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक 58 वेळा चेंडूसकट जमिनीवर लोळवला गेला, त्या वर्षीच्या लीगमध्ये सर्वाधिक. सगळा दोष ड्रेसिंग रूमवर टाकणं बरोबर नाही. मधल्या काळात दोन मोहरे गेले होते. संघ आठ सामने जिंकला, आठ हरला.

पुढे

19 फेब्रुवारी 2014 ला टर्नर आणि मुख्य ट्रेनर केव्हिन ओ’नील यांना काढलं. आयर्लंड त्याआधीच, जानेवारीत, गेले होते. टर्नर पुढे टेक्सस ए अँड एम विद्यापीठात आणि 2019 मध्ये सिनसिनाटी बेंगल्समध्ये लाइनचेच प्रशिक्षक म्हणून परतले. इन्कॉग्निटो एक वर्ष बाहेर बसला, 2015 मध्ये बफेलो बिल्सनं त्याला घेतलं आणि तिथे तो लागोपाठ तीन हंगाम प्रो बोलसाठी निवडला गेला.

मार्टिनला मार्च 2014 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडे पाठवलं, जिथे स्टॅनफर्डचेच त्याचे जुने प्रशिक्षक जिम हार्बॉ होते. 2015 मध्ये पाठीच्या दुखापतीमुळे तो निवृत्त झाला, जेमतेम पंचविशीत. त्याच ऑगस्टमध्ये त्यानं फेसबुकवर मोठं टिपण लिहिलं. आत्महत्येचे प्रयत्न केल्याचं त्यात आहे. पण त्याआधी शाळेचं वर्णन आहे. गोऱ्यांच्या शाळेत आपण लाजाळू, मागेमागे राहणारे झालो, ते आपलं भलंमोठं अंग आणि आपला काळेपणा दोन्ही सौम्य दिसावेत म्हणून, असं तो लिहितो. जे अंग बघून लोक विचारतात की याला कोण छळणार, ते अंग लहान करून दाखवण्यात त्याची अख्खी शाळा गेली. 2018 च्या फेब्रुवारीत त्यानं बंदुकीचा फोटो टाकून त्यात जुन्या सहकाऱ्यांची आणि शाळेचीही नावं जोडली. शाळा एक दिवस बंद ठेवावी लागली, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. हे मी शिक्षकांना सांगतो, पण त्यावर भाष्य करत नाही.

गेल्या खेपेला सत्र संपल्यावर मी निळी वही टेबलावर ठेवली होती. चहाला उठलेले लोक चाळून बघत होते, ‘ण’च्या नोंदी वाचून काही जण हसलेही. एक तरुण शिक्षक शेवटपर्यंत थांबले. मुलींच्या कबड्डीचा संघ आहे त्यांचा, मागच्या वर्षी विभागापर्यंत गेलेला. म्हणाले, “सर, हल्ली वही नसते. ग्रुप असतो.” मग फोन काढून म्हणाले, “मीच ॲडमिन आहे. दोन मुलींना त्यात घेतलेलं नाही. का घेतलं नाही ते मला आत्तापर्यंत माहीतच नव्हतं असं नाही.”

आणि तिथेच उभं राहून ते ग्रुप वर सरकवत वाचू लागले, अगदी जून महिन्यापासून.